रथ एक, सारथी वेगळे: दोन परंपरांची तुलना नेमकी करायची कशी?

बाळीवेसकर

सोलापुरात आमचा एक छोटा अभ्यासवर्ग आहे. रविवारी सकाळी पार्क चौकाजवळ एकाच्या घरी जमतो. निवृत्त मास्तर, वकीलबाई, यंत्रमागवाले, मेडिकलवाले अशी सगळी सरमिसळ. ग्रीक, बौद्ध, चिनी, उपनिषदं असं जमेल ते वाचतो आणि दर वेळी दोनांपैकी एका वाक्यावर येऊन थांबतो. एक, 'हे तर आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय.' दोन, 'शेवटी सगळे एकच सांगतात.' यांतलं कुठलंही वाक्य आलं की चर्चा आटोपते आणि चहा येतो.

गेल्या खेपेला रथाचा विषय निघाला. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो, 'आत्मानं रथिनं विद्धि शरीरं रथमेव तु'. शरीर रथ, आत्मा आत बसलेला रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादातही रथ आहे. एक सारथी आणि पंख असलेले दोन घोडे, त्यांतला एक गुणी, दुसरा आडमुठा. मास्तर म्हणाले, 'बघा, तंतोतंत तेच!'

तंतोतंत नाही. नीट बघा. कठातला रथ म्हणजे शरीर. प्लेटोचा रथ शरीरात शिरण्याच्या आधीचा आहे. पंख गळतात, रथ खाली येतो, मग त्याला शरीर मिळतं. कठातले घोडे बाहेर विषयांकडे धावणारी इंद्रियं आहेत. प्लेटोचे घोडे म्हणजे जिवाच्याच आतल्या दोन ओढी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की कठात सारथ्याखेरीज आणखी कोणीतरी रथात बसलेलं आहे. प्लेटोकडे मागची सीट रिकामी. सारथी आणि घोडे मिळून जो होतो तोच जीव.

तिसरा रथ 'मिलिंदपञ्ह' या पाली बौद्ध ग्रंथातला. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचं सियालकोट. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, महाराज, चालत आलात की वाहनानं? रथानं आलो. मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? दांडा? राजा सगळ्याला नाही म्हणत जातो आणि शेवटी कबूल करतो की हे सगळे भाग जुळले की आपण 'रथ' म्हणतो, इतकंच. नागसेन म्हणतो, 'नागसेन' हेही तसंच. इथे सारथीही नाही आणि रथीही नाही.

दृष्टान्त एक, कामं तीन. नचिकेताला मेल्यावर काय उरतं ते हवंय. 'फीड्रस'मध्ये विषय प्रेमाचा आहे, माणूस सौंदर्य बघून वेडापिसा का होतो याचा. मिलिंद विचारतोय, तू म्हणजे कोण?

माझं म्हणणं एवढंच की उत्तरं शेजारी मांडायच्या आधी प्रश्न शोधावा. प्रश्न सापडत नसेल तर समोर पूर्वपक्ष, म्हणजे ज्याचं मत खोडायचंय तो, कोण उभा आहे ते बघावं, म्हणजे प्रश्न सापडतो. तुमचा काय अनुभव?

कडक_भाकरी

लई भारी लिवलंय ओ. पण एक सांगा, प्रश्न वेगळा असला म्हणून काय झालं? तिघांनीबी रथच का धरला मग? कायतरी समान असल्याबिगर का?

बाळीवेसकर

@कडक_भाकरी, त्या काळात वेगानं पळणारं आणि ताब्यात ठेवायला अवघड असं रथाशिवाय दुसरं होतं काय? एवढं साम्य मला मान्य आहे. त्यातून तत्त्वज्ञान निघत नाही.

नीलाक्षी_व

मी 'नेट' या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची तयारी करते आहे. तुलनात्मक तत्त्वज्ञानाची पद्धत म्हटलं की आम्हाला पहिलं नाव सांगतात पॉल मॅसन-उर्सेल यांचं. त्यांचं फ्रेंच पुस्तक १९२३ चं. सुट्या कल्पनेची सुट्या कल्पनेशी तुलना करू नका, प्रमाणाशी (गुणोत्तर या अर्थानं) प्रमाण ताडा, असं ते सांगतात. अ चं ब शी जे नातं, तेच य चं झ शी आहे का? म्हणजे कन्फ्यूशियस आणि सॉक्रेटिस काय म्हणाले हे शेजारी लावण्यापेक्षा आपापल्या समाजात आणि आपापल्या विरोधकांच्या गर्दीत त्यांची जागा काय होती, हे ताडून बघायचं.

पण त्यांच्याही आधी, १८९९ मध्ये, ब्रजेंद्रनाथ सील यांनी रोमच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी वैष्णव आणि ख्रिस्ती धर्मांवर निबंध लिहिला. तुलना करायची तर दोन्ही गोष्टी एका पातळीवरच्या मानल्या पाहिजेत, ही त्यांची अट. एक म्हणजे कळी आणि दुसरं म्हणजे फूल असं आधीच ठरवून बसलात तर ती तुलना नव्हे. हा रोख सरळ त्या काळच्या युरोपीय मांडणीवर होता. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या इतिहासात भारत आणि चीन सुरुवातीच्या पायरीवर बसवलेले असतात आणि वरच्या मजल्यावर कोण ते सांगायला नको.

तर्ककर्कश

धागा चांगला आहे, पण मूळ भूमिकेशी माझं वाकडं आहे.

'आधी प्रश्न शोधा' हे पथ्य म्हणून ठीक आहे. मात्र ते फार कडक पाळलं की प्रत्येक परंपरा आपापल्या बरणीत बंद होते. मग तुम्ही फक्त बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत बसता. तत्त्वज्ञानाचं काम काय? प्रश्न सोडवणं. दुसऱ्याच्या घरातलं हत्यार माझ्या कामाला येत असेल तर ते मूळचं कशासाठी घडवलं होतं हे विचारत बसू का?

उदाहरण देतो. डेरेक पार्फिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं १९८४ चं पुस्तक आहे, 'रीझन्स अँड पर्सन्स'. काल जो मी होतो तोच आज मी आहे, हे कशावरून? त्याचं उत्तर असं की मेंदू, शरीर आणि अनुभवांची साखळी यांच्यापलीकडे 'मी' असं वेगळं काही नाही. पुस्तकाच्या शेवटी एक परिशिष्टच आहे बुद्धाच्या मतावर, आणि त्यात तुमचा नागसेनही येतो. पुढे मार्क सिडरिट्ससारख्या अभ्यासकांनी ही वाट आणखी रुंद केली. बौद्ध युक्तिवाद आजच्या प्रश्नावर थेट चालवून बघायचा. याला ते फ्यूजन म्हणतात. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. ती दुसऱ्या परंपरेला वस्तुसंग्रहालयात ठेवत नाही, वादात ओढते.

बाळीवेसकर

@तर्ककर्कश, पार्फिटचं उदाहरण उत्तम, पण ते माझ्या बाजूनंही बोलतं. बौद्धांना 'मी नाही' हे सिद्ध करून काय मिळवायचं होतं? दुःख थांबवायचं होतं. युक्तिवाद तेवढा उचलला आणि दुःख मागे ठेवलं तर हातात काय राहिलं? एक कोडं.

तर्ककर्कश

घाई करताय. पार्फिट स्वतः लिहितो की हे पटल्यावर त्याला मोकळं वाटलं, मरणाची धास्ती कमी झाली. म्हणजे युक्तिवाद उचलला तर त्यामागून त्याचं प्रयोजनही अर्धंअधिक चालत आलं. प्रश्न वेगळा होता तरीही. तुमच्या नियमानं ही भेट झालीच नसती.

बाळीवेसकर

हा मुद्दा बिनतोड आहे. विचार करतो.

होटगीवाले_काका

तुम्ही सगळे परदेशी गेलात म्हणून जवळचं सांगतो. सोलापूरहून विजापूरच्या पॅसेंजरमध्ये बसा, वाटेत निंबाळ लागतं. गुरुदेव रानडे तिथले. १९५७ साली त्यांनी देह ठेवला तोही तिथेच. ज्यांना ते फक्त नामस्मरणवाले साधू म्हणून ठाऊक आहेत त्यांनी लक्षात घ्यावं की हा माणूस अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचा, पुढे तिथला कुलगुरू झाला आणि ग्रीक तत्त्वज्ञान मुळातून अभ्यासलेला होता. हेराक्लिटसवर त्यांनी स्वतंत्र लिहिलं आहे. १९२६ साली उपनिषदांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात जागोजाग ग्रीक आणि युरोपीय विचारवंत शेजारी उभे केलेले दिसतात.

त्यांची पद्धत वेगळी. अनुभव हा पाया. दोन साधकांची भाषा, देव, देश वेगळे असतील, पण साक्षात्काराच्या वर्णनात खुणा जुळतात का ते बघायचं. बाळीवेसकर, तुमचा 'सगळे एकच सांगतात' या वाक्यावर राग दिसतो. रानड्यांनी तेच वाक्य ग्रंथ अन् ग्रंथ पालथे घालून म्हटलं. चहाच्या आधी म्हणणं आणि तीस-चाळीस वर्षं वाचून म्हणणं यात फरक आहे की नाही?

बाळीवेसकर

@काका, फरक निश्चित आहे. तरी शंका राहतेच. खुणा कोणत्या मोजायच्या हे कोण ठरवतं? नाद, प्रकाश, आनंद ही यादी आपल्याच साधनेतून आली, आणि तीच घेऊन आपण दुसऱ्याच्या घरी गेलो, तर आपल्याला आपलीच भांडी सापडणार. जे या यादीत बसत नाही ते दिसणारच नाही. नागसेनाला या यादीत कुठे बसवाल?

होटगीवाले_काका

नागसेनाचं मी बघून सांगतो. पण टिळकांना तरी तुम्ही मानाल ना? 'गीतारहस्य' हा मराठीतला तुलनेचा सगळ्यात मोठा खटाटोप. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला, १९१५ मध्ये छापलेला. मिल, स्पेन्सर, ग्रीन, काँट, अ‍ॅरिस्टॉटल सगळे हजर. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, या कसोटीवर एवढी सविस्तर झडती त्याआधी मराठीत कोणी घेतली होती?

नीलाक्षी_व

टिळकांबद्दल एक बारकावा. त्या एकाच ग्रंथात दोन वेगळ्या तुलना आहेत आणि त्या आपण एकात मिसळतो. मुख्य प्रकरणांत ते नीतीची कसोटी कोणती, यावर पाश्चात्त्य पक्ष घेतात, त्यांची ताकद मान्य करतात, मग पुढे जातात. शेवटच्या परिशिष्टात मात्र गीता आणि बौद्ध ग्रंथ, गीता आणि ख्रिस्ती बायबल अशी प्रकरणं आहेत. तिथे मुख्य प्रश्न हा की आधीचं कोण आणि कोणी कोणाकडून घेतलं. हा इतिहासाचा प्रश्न झाला, त्याला तारखा आणि पुरावे लागतात. पहिल्याला युक्तिवाद लागतात. 'आपल्याकडे आधीच होतं' म्हणणारी मंडळी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन पहिला जिंकल्याच्या थाटात उठतात. आधी असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे.

कडक_भाकरी

हे शेवटचं वाक्य आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकू का ओ ताई? 😄

नीलाक्षी_व

टाका, पण माझं नाव नका सांगू.

सन्मती

इतका वेळ वाचतोय. आता राहवत नाही.

तुलनेची पद्धत हा विसाव्या शतकातला शोध असल्यासारखं चाललंय. आठव्या शतकात हरिभद्रसूरींनी 'षड्दर्शनसमुच्चय' लिहिला. बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक, जैमिनीय (म्हणजे मीमांसा) आणि शेवटी लोकायत, म्हणजे चार्वाक. सुरुवातीलाच सांगून टाकतात की प्रत्येक दर्शन त्याची देवता आणि त्याची तत्त्वं या भेदानं जाणून घ्यायचं. लेखक स्वतः जैन, पण जैन दर्शन ना पहिलं ना शेवटचं. मध्येच आपल्या रांगेत उभं. कुणाची टिंगल नाही की कुणावर विजय नाही.

याच्या शेजारी चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' ठेवा. तळाला चार्वाक, मग बौद्ध, मग जैन, आणि असं चढत चढत शेवटी शांकर अद्वैत. ही शिडी आहे. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीकडून खोडली जाते. माहितीचा खजिना म्हणून ग्रंथ अमोल आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी भांडारकर संस्थेसाठी १९२४ मध्ये त्याची टीकेसह आवृत्ती केली, ती आजही वापरात आहे. पण रचना बघितली की कळतं, निकाल आधी लागलेला आहे.

रांग की शिडी, हा पद्धतीचा पहिला प्रश्न. हेगेलची शिडी आपल्याला लगेच खुपते. आपली कधी खुपते का?

आणि हो, सोलापूरकरांनो, आपल्याच गावातल्या जैन संस्कृति संरक्षक संघानं, जीवराज जैन ग्रंथमालेत, १९४९ मध्ये कृष्णकांत हंदिकी यांचा 'यशस्तिलक'वरचा इंग्रजी ग्रंथ छापला. मूळ काव्य सोमदेवसूरींचं, इसवी सन ९५९ चं. हंदिकी आसामचे, गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. दहाव्या शतकात दख्खनमध्ये कोणकोणते पंथ होते, एकमेकांशी कसे भांडायचे, हे त्यांनी त्या काव्यातून उकलून दाखवलं. असा ग्रंथ सोलापुरातून निघाला हे आपल्या किती जणांना माहीत आहे?

तर्ककर्कश

@सन्मती, रांग आणि शिडी आवडलं. पण जैनांचा अनेकान्त, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा सिद्धान्त, स्वतः कुठे उभा आहे? सिद्धसेन 'सन्मतितर्का'त म्हणतात, सांख्य फक्त द्रव्याच्या (टिकणाऱ्या वस्तूच्या) बाजूनं बघतं, बौद्ध फक्त पर्यायाच्या (बदलत्या अवस्थांच्या). म्हणजे बाकी सगळ्यांकडे एकेक तुकडा आणि पूर्ण चित्र फक्त आमच्याकडे. सभ्य भाषेतली हीसुद्धा शिडीच झाली. फक्त वरच्या पायरीवर बसलेला माणूस खालच्यांना हाकलत नाही, कौतुक करतो.

सन्मती

आक्षेप जुना आहे आणि आमच्याकडच्यांनाही तो टोचलेला आहे. त्याला उत्तर असं की अनेकान्तही एकान्तानं, म्हणजे एकाच बाजूनं, धरायचा नसतो, त्यालाही नय, म्हणजे वेगवेगळे दृष्टिकोन, लागू होतात. तुम्हाला ते पळवाट वाटेल. मला पूर्ण पळवाट वाटत नाही, पण यानं भांडण मिटतं असंही म्हणत नाही. मात्र हरिभद्रांचा ग्रंथ सिद्धसेनांच्या पद्धतीनं चालत नाही, हे कृपया वेगळं ठेवा.

वचनप्रेमी

नमस्कार. घरात कन्नड, शाळेत मराठी, म्हणजे अस्सल सोलापुरी. तुम्ही सगळे अथेन्स, अलाहाबाद, ऑक्सफर्ड फिरून आलात. मी गावातल्या तळ्यावर बोलतो.

तुलना शिकायची तर लांबच्या जोडीपेक्षा शेजारची जोडी घ्यावी. शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या शिवभक्तांची, कन्नड वचनं आणि वारकऱ्यांचे अभंग घ्या. आमच्याकडचं प्रसिद्ध सूत्र 'कायकवे कैलास', म्हणजे काम हाच कैलास. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी म्हणतात, 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी'. व्याख्यानात दोन्ही ओळी एका दमात येतात आणि टाळी पडते. टाळी पडू द्या. पुढे जाऊन बघा.

शरणांच्या कायकाला दासोह चिकटलेला असतो. कष्ट करायचे आणि गरजेपुरतं ठेवून बाकी जंगमाला, समाजाला अर्पण करायचं. तिथे हिशेब आहे, व्यवस्था आहे. शिवाय देवळाला विरोध आहे. बसवण्णा म्हणतात, श्रीमंत लोक शिवालयं बांधतील, मी गरीब काय करू? माझे पायच खांब, देहच देऊळ. स्थावराला, म्हणजे एका जागी उभं असतं त्याला, नाश आहे, जंगमाला, म्हणजे चालत्या-फिरत्याला, नाही. सावतोबांकडे असा विरोध नाही. ते पंढरीला जात नाहीत, आख्यायिकेत विठ्ठलच अरणला येतो. देव आणि देऊळ जागच्या जागी राहतात, फक्त अंतर मिटतं.

आणखी एक बारीक गोष्ट. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, 'तुका म्हणे', 'सावता म्हणे'. वचनाच्या शेवटी देवाचं नाव येतं. बसवण्णांचं 'कूडलसंगमदेव', अल्लमप्रभूंचं 'गुहेश्वर', आपल्या सिद्धरामांचं 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन'. एकीकडे कोण बोलतंय ते सांगून संपतं, दुसरीकडे कोणापुढे बोललं ते सांगून. यावरून लगेच सिद्धान्त काढू नका, पण दोन्ही मोठ्यानं वाचून बघा. आवाजाचा रोख बदलतो.

आता तळं. 'शून्यसंपादने' या शरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात कथा आहे की सिद्धराम सोन्नलिगेत, म्हणजे जुन्या सोलापुरात, तळं खणून घेत होते, देवळं उभारत होते. अल्लमप्रभू आले आणि या दगडमातीच्या कामानं काय साधणार म्हणून वाद घातला. पुढे सिद्धराम कल्याणला अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत, गेले. म्हणजे स्थावर की जंगम हा शरणांमधला सगळ्यात कळीचा वाद खुद्द सोलापूरच्या तळ्याच्या काठावर झाला, असं परंपरा सांगते. आणि आज तेच तळं, तेच देऊळ, संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक, गड्डा यात्रेची गर्दी. अल्लम जिंकले की सिद्धराम? बाहेरून तुलना करणारा 'वीरशैव मत असं असं' म्हणून एक चौकट लिहील. आत वाद चालू आहे.

बाळीवेसकर

@वचनप्रेमी, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. मी 'पूर्वपक्ष बघा' म्हणत होतो तेव्हा डोळ्यांसमोर बाहेरचा विरोधक होता. घरातला विरोधक जास्त महत्त्वाचा दिसतोय. 'भारतीय दृष्टी' आणि 'पाश्चात्त्य दृष्टी' अशी जोडी मांडली की दोन्हीकडची भांडणं पुसली जातात, आणि मग भारतीय म्हणजे आध्यात्मिक, पाश्चात्त्य म्हणजे भौतिक असली वाक्यं उगवतात. चार्वाक कुठे गेले? पश्चिमेचाच गूढवादी प्लोटायनस कुठे गेला?

नीलाक्षी_व

याच मुद्द्यावर दयाकृष्ण हे भारतीय तत्त्वज्ञ फार कडक बोलतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तुलनात्मक तत्त्वज्ञानात प्रश्न पश्चिमेचे असतात आणि बाकीच्यांकडे फक्त उत्तरं आहेत का ते तपासलं जातं. तुमच्याकडे तर्कशास्त्र आहे का? ज्ञानमीमांसा आहे का? म्हणजे परीक्षक कायम एकच. उलटा प्रश्न कोणी विचारत नाही की प्रमाणांची, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या साधनांची, अशी चर्चा तुमच्याकडे का नाही.

मग त्यांनी आणि आपल्या मराठी तत्त्वज्ञ मे. पुं. रेग्यांनी १९८३ मध्ये पुण्यात एक प्रयोग केला. एका बाजूला परंपरेत शिकलेले शास्त्री-पंडित, दुसऱ्या बाजूला विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. विषय बर्ट्रांड रसेलचा, विधान म्हणजे काय. मजकूर संस्कृतात करून पंडितांपुढे ठेवला आणि चर्चाही संस्कृतात. पुढे १९९१ मध्ये 'संवाद' नावानं ते पुस्तक निघालं.

तर्ककर्कश

हा प्रयोग माझ्या आणि बाळीवेसकरांच्या मधोमध बसतो, म्हणून जरा थांबून बघू या.

रसेलच्या सुरुवातीच्या मांडणीत विधान ही एक स्वतंत्र चीज आहे. ते खरं किंवा खोटं असतं, कोणाच्या मनात ते येवो न येवो. नैयायिकाला, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडिताला, विचारलं तर तो म्हणेल, असली अधांतरी वस्तू मानायची गरज काय? ज्ञान होतं ते कोणाला तरी, कधी तरी, कशाचं तरी होतं. खरं-खोटं ठरतं ते त्या ज्ञानाचं. 'घट आहे' या ज्ञानात घट विशेष्य (ज्याबद्दल ज्ञान आहे ते), घटत्व प्रकार (ते ज्या रूपानं कळतं ते), त्यांचा संबंध, एवढं सांगितलं की काम भागतं.

आता इथे दोघांचा प्रश्न एक होता का? नव्हता. रसेलला गणिताचा पाया हवा होता, नैयायिकाला यथार्थ ज्ञान. तरी नैयायिकाचा आक्षेप रसेलला लागतोच. म्हणून म्हणतो, प्रश्न जुळले नाहीत तरी वाद होऊ शकतो. अट एवढीच की दोघांनी समोरासमोर यावं आणि उत्तर द्यायची सोय असावी. मेलेल्या ग्रंथाची तुलना सोपी, जिवंत पंडिताची अवघड, कारण तो मध्येच म्हणतो, 'मी असं म्हटलेलंच नाही.'

बाळीवेसकर

हे मला पटतं, आणि इथे माझा नियम थोडा सैल करतो. प्रश्न शोधणं ही तयारी. आपण केलेली मांडणी ऐकून त्या परंपरेतला जाणकार 'हो, आमचं म्हणणं हेच आहे' असं म्हणेल का, ही कसोटी. ती पार झाली की खुशाल वाद घाला, हत्यारं उसनी घ्या, काय वाटेल ते करा.

हजार वर्षांपूर्वीचा अल्-बिरूनी बघा. १०३० च्या सुमारास हिंदूंवरचा ग्रंथ लिहिताना तो सुरुवातीलाच बजावतो की हे खंडनाचं पुस्तक नव्हे, हिंदूंची मतं जशी आहेत तशी मांडणार आणि शेजारी ग्रीकांची तशीच मतं ठेवणार. पुनर्जन्माचा विषय आला की सॉक्रेटिसचं मरणापूर्वीचं बोलणं शेजारी आणतो, सूफींचंही आणतो. संस्कृत शिकला, योगावरचा ग्रंथ अरबीत आणला. त्याला हिंदूंचं बरंचसं पटलेलं नव्हतं आणि ते तो लपवत नाही. पण आधी मांडणी, मग मत. गझनीच्या महमूदाच्या पदरी राहून हे केलं, हे विशेष.

कडक_भाकरी

आता माझं ऐका. मला रोज सकाळी मोबाईलवर एक येतंय: 'स्टोइक लोकांनी सांगितलं तेच गीतेनं सांगितलं, जे हातात आहे ते करा, बाकी सोडा.' एपिक्टेटस म्हणून त्या स्टोइक नावाच्या ग्रीक पंथातला एक विचारवंत, त्याचं चित्र एकीकडं, कृष्णाचं एकीकडं. तुमची पद्धत यावर चालवून दाखवा की ओ. रथ-बिथ लांबचं झालं.

नीलाक्षी_व

मी प्रयत्न करते. माझ्या टिपणाचाच विषय आहे.

वरवरचं साम्य खरं आहे. सुखदुःखात सम राहणं दोन्हीकडे आहे. आता प्रश्न. एपिक्टेटस आधी गुलाम होता. त्याचा प्रश्न: दुसऱ्याची सत्ता माझ्यावर कुठपर्यंत चालते? अर्जुन राजपुत्र आणि योद्धा आहे, कोणाचा गुलाम नाही. त्याचा प्रश्न: हे भयंकर काम करू की नको? एकाला आपल्या ताब्याची सीमा आखायची आहे, दुसऱ्याला कृती करायची की टाकायची ते ठरवायचं आहे.

पण खरा फरक मन बिघडतं कसं, इथे दिसतो. स्टोइक म्हणतात, आधी मनावर ठसा उमटतो, मग आपण त्याला होकार देतो, मग ऊर्मी उठते. राग म्हणजे दिलेला चुकीचा होकार. होकार पूर्णपणे आपला, तो कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. गीतेतली साखळी दुसऱ्या अध्यायात आहे: विषयांचं चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, मग संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. या साखळीत 'होकार' नावाची कडीच नाही. एकदा चिंतन सुरू झालं की गाडं उतारावर.

आणि तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, इच्छा नसतानाही माणूस पाप का करतो, जणू बळजबरीनं कोणी जुंपल्यासारखा? 'अनिच्छन्नपि', 'बलादिव नियोजितः'. कृष्ण हा प्रश्न खोडत नाही. म्हणतो, हा काम, हा क्रोध, रजोगुणातून उपजलेला. स्टोइक मात्र प्रश्नच मान्य करणार नाही. म्हणेल, इच्छा नव्हती कशी? होकार तूच दिलास.

होटगीवाले_काका

वा! मग गीतेत माणसाच्या हातात उरलं काय?

नीलाक्षी_व

काका, तिथेच अडले आहे. कृष्ण पुढे म्हणतो, इंद्रियांहून मन पर, मनाहून बुद्धी पर आणि बुद्धीच्याही पलीकडे 'तो'. त्याला जाणून कामाला जिंक. म्हणजे उपाय वरच्या पातळीवरून. स्टोइकाला ही वरची पातळी लागत नाही, त्याचा विवेकच विश्वाच्या विवेकाचा अंश आहे. पण मग दोघं 'हातात आहे ते करा' म्हणतात तेव्हा हात कोणाचा, हे दोन्हीकडे वेगळं निघतं. इथपर्यंत आलेय.

तर्ककर्कश

इथे थांबू नका. आता दोघांना भिडवा. स्टोइकाला व्यसनी माणूस दाखवा आणि विचारा, हा होकार देतोय का? आणि गीतेला विचारा, गुणच सगळं करवतात तर 'जिंक' ही आज्ञा कोणाला? दोघांनाही घाम फुटेल.

वचनप्रेमी

आणि दोन्हीकडचे घरचे विरोधक विसरू नका. पोसिडोनियस स्वतः स्टोइक, पण रागाला नुसता चुकीचा होकार मानायला त्याची तयारी नव्हती. गीतेवर तर शंकर, रामानुज, ज्ञानेश्वर तिघे तीन दिशांना. कोणती गीता धरताय ते टिपणात आधी लिहा.

नीलाक्षी_व

ज्ञानेश्वरी धरते. पोसिडोनियसचा मुद्दा माझ्याकडून सुटला असता, आभार.

कडक_भाकरी

म्हणजे सकाळचा तो मेसेज पुढं ढकलू की नको?

बाळीवेसकर

ढकला, पण खाली अर्जुनाचा तिसऱ्या अध्यायातला प्रश्न जोडून. आणि येत्या रविवारी सवड असेल तर या. आता रथ बाजूला ठेवून हाच भाग घेतोय. नीलाक्षीताई, टिपण कच्चं असलं तरी पाठवा. मास्तरांना आधी वाचायला देतो, म्हणजे ते 'तंतोतंत' म्हणायच्या आधी त्यांच्या हातात कागद असेल.